बोर्डिंगचं स्थळ

आमच्या नात्यात कुठेही लग्नकार्य असलं की जेवताना कोणीतरी हटकून माझ्याकडे बघून हळहळतं. "हिला बोर्डिंगात जागा मिळाली होती हो. गेली असती तर आज कुठच्या कुठे असती." मीही तिथल्या तिथे सांगते, मी जिथे आहे तिथे मजेत आहे, आणि त्या बोर्डिंगने मला नाकारलं नव्हतं, मी बोर्डिंगला नाकारलं होतं. त्यावर "काय तोंड आहे हिचं!" असं म्हणून सगळे पुन्हा जिलबीकडे वळतात. खरं काय झालं ते ऐकायला कोणालाच वेळ नसतो. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. मध्ये बोलायला इथे कोणी नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही वाकोल्याला चाळीत राहायचो. एक खोली, पुढे सामाईक गॅलरी. आई, बाबा, मी आणि माझा भाऊ. भाऊ माझ्यापेक्षा चांगला दहा-अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे त्याला सगळे बाळच म्हणायचे. बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि ती पडली ती पडलीच. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत बाबा घरी बसले. मग एक दिवस आईने कोणालाच न विचारता अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. सकाळची शिफ्ट. आम्ही उठायचो तेव्हा तिचा डबा भरून झालेला असायचा.

बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नाही. आईने निघताना त्याला माझ्या कडेवर दिलं आणि ती गेली. बस, ठरलं. त्याला पेज भरवायची मी, शी धुवायची मी, झोपवायचं मी. बाबा पेपर वाचायचे, दाढी करायचे, कुठे काम मिळतंय का बघायला बाहेर पडायचे आणि जेवायच्या वेळेला परत यायचे. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मी त्याच गॅलरीत बाळाला घेऊन येरझारा घालायचे. त्यांच्या खुर्चीला वळसा घालून.

माझी म्युनिसिपालिटीची शाळा दुपारची होती. शेजारच्या काकी एखाद दिवशी बाळाला ठेवून घ्यायच्या, त्या दिवशी मी शाळेत जायचे. बाकीचे दिवस बुडायचे. तरी परीक्षेत मी वर असायचे, हे मी फुशारकी म्हणून नाही सांगत. पुस्तक हातात आलं की मी ते सोडायचे नाही, एवढंच. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताने झोळीला झोका, असा माझा सातवीचा अभ्यास झाला.

पण आमची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला हायस्कूलमध्ये नाव घालायचं, आणि हायस्कूल म्हणजे रोज जायचं, पूर्ण वेळ. तिथे चार दिवस येऊन दहा दिवस बुडवलेलं चालणार नव्हतं. म्हणजे प्रश्न सरळ होता. मी आठवीत जाणार की नाही?

आत्याचं मत तयारच होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कुर्ल्याला राहायची. गावाहून आल्यापासून तिचा जन्म गेला होता मुंबईत, पण बोलणं पक्कं मालवणी. आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. ती म्हणाली, "सातवी झाली मां? रगड झाला. आता वरीस-दोन वरसां घरात रव दे. झील मोठो झालो की बघूया." झील म्हणजे मुलगा, आमचं बाळ.

आई कधी तिला उलट बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "नाही वन्सं. ही शिकणार."

आई स्वतः चौथीतून उठली होती. तीही भावंडं सांभाळायलाच. ती मला म्हणायची, "माझ्या कडेवरनं एकेक भावंड खाली उतरेपर्यंत माझ्या वर्गातल्या मुली सासरी गेल्या गं." ती हे रडून नाही म्हणायची. चिडून म्हणायची. तो राग माझ्यात तिच्याकडूनच आलाय, दुसरीकडून नाही.

आमच्या वर्गाच्या बाईंनी तिला मार्ग सांगितला. मुंबईबाहेर मुलींसाठी काही बोर्डिंग आहेत, संस्था चालवतात, हुशार मुलींना फुकट घेतात, राहणं-जेवण सगळं तिथेच. आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती घरी येऊन म्हणाली, "जोवर ही घरात आहे, तोवर पोर हिच्याच कडेवर राहणार. घरातच नसली तर कोण देणार हिच्याकडे?"

मी तिथेच होते. बाळ माझ्या खांद्यावर झोपलेलं. मी म्हटलं, "मी काय केलंय? मला का घालवताय?"

"घालवत नाहीये गं. सोडवतेय तुला."

मला ते पटलं नाही. माझी चाळ होती, मैत्रिणी होत्या, लगोरी होती. सुट्टीत आरे कॉलनीत बसने जाऊन झाडाखाली डबा खायचो, तेवढी माझी सहल होती आणि तेवढी मला पुरे होती. मला कुठल्यातरी डोंगरावर जाऊन अनोळखी मुलींबरोबर हॉलमध्ये झोपायचं नव्हतं. पण मला विचारतंय कोण!

बरं, बोर्डिंग शोधायचं काम कोणी करायचं? तर आत्याने. आधी तिने नाक मुरडलं, पण आई हटत नाही म्हटल्यावर तिने सगळं स्वतःच्या हातात घेतलं. आमच्या अख्ख्या खानदानातल्या मुलींची लग्नं तिने जमवली होती. मुलगी परक्या घरी पाठवायची तर चौकशी कशी करायची, हे तिच्याइतकं कोणालाच कळत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. आणि तिला मुलगी परक्या घरी पाठवायची एकच पद्धत माहीत होती.

झालं. बोर्डिंगांची स्थळं सुरू झाली. रविवारी आत्या यायची, पाट घेऊन बसायची आणि एकेक स्थळ सांगायची. "थंयचा पाणी कसा आसा? माशे गावतत काय? मुख्य बाई घरंदाज आसा मां?" एक बोर्डिंग तिने शाकाहारी म्हणून मोडीत काढलं. मुलगी सुक्या बांगड्याशिवाय आजारी पडेल म्हणाली. एक फार लांब, मुलीला माहेरी यायला त्रास. माहेरी! मी ओरडले, "आत्या, माझं लग्न नाही लावायचंय!" ती म्हणाली, "गप रव गो. वाईट काय सांगतंय मी?" एका बोर्डिंगातल्या कुठल्याशा मुलीला तिथे करमत नव्हतं आणि ती पळून आली होती, हे आत्याने थेट चेंबूरला जाऊन त्या मुलीच्या मावशीकडून काढून आणलं. आजचे आईबाप इंटरनेटवर बसून काढतात त्यापेक्षा पक्की माहिती. चौकशीत तिला तोड नव्हती, हे मी कबूल करते. शेवटी दोन स्थळं हातात राहिली. दोन्हींचीही मुलाखत मुंबईतच होणार होती.

मुलाखत म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला माहीत होतं? बाबा गिरणीत लागले ते आजोबांच्या जागेवर. आई कारखान्यात लागली ती शेजारणीच्या ओळखीने. चार माणसं बसलीत, ती मुलीला प्रश्न विचारणार आणि नंतर पसंती कळवणार, असं म्हटल्यावर आमच्या घरातल्या बायकांना एकच गोष्ट समजली. आत्याने माझी तालीम घ्यायला सुरुवात केली. दारातून चालत यायचं, हळू. नमस्कार करायचा, वाकून. "मान खाली ठेव. इचारतले तेवढाच बोल. आवाज बारीक." खायला पुढे केलं की आधी नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, फारच आग्रह झाला की एकच उचलायचं. नाहीतर मुलगी हावरट दिसते. मी आईकडे बघायचे. आई म्हणायची, "ऐक गं, त्यांना अनुभव आहे."

पहिली मुलाखत मुलुंडला, संस्थेच्या कोणा ट्रस्टींच्या बंगल्यात. आमची वरात निघाली. आत्या, आत्याचे यजमान, आई रजा टाकून, बाबा इस्त्रीच्या शर्टात, आणि बाळ. मला परकर-पोलकं आणि डोक्यात हा एवढा गजरा. पिशवीत नारळ आणि पेढे. बाळ अर्थात माझ्याकडेच. आत जाताना तेवढं आईने घेतलं.

टेबलापलीकडे दोन गृहस्थ आणि एक बाई. बाकीच्या मुली फ्रॉक घालून आपापल्या आईबरोबर आलेल्या. आम्ही सगळेच्या सगळे आत शिरलो तर खुर्च्या कमी पडल्या. मी मान खाली घातली. पायाखालची फरशी मला अजून आठवते, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची. "आवडता विषय कुठला?" मी पुटपुटले. "मोठ्याने सांग बेटा." मी तोंड उघडलं तर आत्या खाकरली. आवाज बारीक! मी पुन्हा पुटपुटले. "एखादी कविता म्हणून दाखवतेस?" मला शंभर येत होत्या. मी मान हलवली. नको म्हणायची सवय लावली होती ना. मग त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. क्रीमची बिस्किटं! मी म्हटलं नको. त्यांनी पुन्हा म्हटलं घे. मी पुन्हा म्हटलं नको. आणि त्यांनी सरळ बशी बाजूला ठेवून दिली. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. मला तर रडूच फुटायच्या बेतात आलं. कसली माणसं!

शेवटी त्यातल्या एका गृहस्थांनी माझी प्रगतिपुस्तकं मागितली. आत्याने पिशवीतून फाईल काढून दिली. त्यांनी पहिला कागद उलगडला, उलगडला, आणि उलगडतच राहिले. माझी जन्मपत्रिका होती. आत्या समजुतीच्या सुरात म्हणाली, "मंगळ नाय हा तिका." त्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. आम्हाला वाटलं, कार्यक्रम चांगला झाला. घरी येताना आत्या खुशीत होती. "मुलगी खाली मान घालून होती, एक शब्द जास्त बोलूक नाय," असं ती बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होती.

नकार आमच्या वर्गाच्या बाईंच्या तोंडून कळला. मुलगी फार बुजरी आहे, घराबाहेर राहू शकणार नाही, असं त्या लोकांनी सांगितलं होतं.

मी बुजरी! चाळीतल्या नळावर भांडण लागलं की बायका मला हाक मारायच्या, पोरी ये गं, तू बोल. त्या मला कोणी बुजरी म्हणावं? चाळभर हसाहस. मैत्रिणी यायच्या आणि मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायच्या. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला तिथे जायचं नव्हतं, हे खरं. पण नाकारायचं तर मला नाकारा ना. जी त्यांच्यासमोर उभी होती ती मी नव्हतेच.

आत्या म्हणाली, "असता एकेकाचा नशीब. दुसरा स्थळ आसा."

मी म्हटलं, "दुसऱ्याला मी माझी जाणार. शाळेच्या ड्रेसमध्ये. गजरा नाही, पत्रिका नाही, पेढे नाहीत. आणि मला जे वाटेल ते मी बोलणार."

"बघ गो हिचा तोंड!" आत्या आईला म्हणाली. "जाऊ दे वन्सं," आई म्हणाली. "तुमच्या पद्धतीने एकदा झालं."

दुसरी मुलाखत घाटकोपरला, एका शाळेच्या वर्गात. या वेळी आई, बाबा, मी, बाळ, आणि आत्या. आत्याला नको म्हणायची कोणाची टाप होती? बाळाला दात येत होते, ते कोणाकडे राहीना, म्हणून ते माझ्याच कडेवर आत आलं. समोर एकच बाई होत्या, बोर्डिंगच्या मुख्याध्यापिका. मध्यम वयाच्या, सुती पातळ, आवाज खणखणीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. गणित घातलं, मी तोंडी सोडवलं. कविता म्हणायला सांगितली, मी अख्खी म्हटली, बाळ मध्ये मध्ये माझी वेणी ओढत असताना. त्या हसल्या. आई हसली. मला वाटलं, झकास चाललंय.

मग त्यांनी माझा कागद बघितला. "मार्क छान आहेत. पण हजेरी अगदीच कमी?"

"घरातला सगळा येता तिका," आत्या घाईघाईने म्हणाली. "भाकऱ्या, मासे साफ करूचे..."

"तिला सांगू द्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मला एक सांग. वाकोल्याला हायस्कूल आहेत की चांगली. मुंबईतली मुलगी तू, तुला एवढ्या लांब बोर्डिंगला कशाला यायचंय?"

"मला नाही यायचंय," मी म्हटलं. आत्याने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. मी दंड झटकला. "मला आठवीत जायचंय. पण घरी राहिले तर बाळाला मीच सांभाळणार. आई कामाला जाते. म्हणून मला बाहेर पाठवतायत."

"घरात दुसरं कोणी नाही?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आईशप्पथ, मी नाहीच म्हणणार होते. आमच्या घरात तेच उत्तर होतं. पण समोर बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, मोकळे. आणि माझा हात बाळाला धरून धरून भरून आला होता. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. इतके महिने ते हात रोज माझ्यासमोर होते.

"आहेत," मी म्हटलं. "बाबा आहेत. ते घरीच असतात."

मुख्याध्यापिकांनी माझा कागद मिटला. बाबांचा चेहरा असा उतरला की मला तो बघवेना. आत्याच बोलली, फणकाऱ्याने, "पुरुषमाणूस काय पोर सांभाळतलो?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कळवते मी."

बाहेर आल्याबरोबर आत्याचा पट्टा सुरू झाला. "बापाशीचा नाक कापलंस गो! चार माणसांत!" आईने बस स्टॉपवरच माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय गरज होती?" ती म्हणाली. मी म्हटलं, "खोटं बोलले का?" बाबा बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले, खिडकीबाहेर बघत. आणि बाळ? बाळ माझ्याच मांडीवर. एवढं सगळं होऊनसुद्धा.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. रागावून नाही. माझ्यासमोर आले की त्यांना कुठे बघावं कळायचं नाही. ते जास्त वेळ बाहेर राहायला लागले. मला वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. माझे बाबा वाईट माणूस नव्हते हो. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आले नाहीत. खारदांड्याला चालत जाऊन ताजी मासळी आणायचे आणि मोठा तुकडा माझ्या ताटात टाकायचे. पण वाईट वाटलं म्हणून मी बोललेलं मागे घेतलं नाही. ते मागे घेण्यासारखं नव्हतंच.

आणि मग वर्गाच्या बाई स्वतः घरी आल्या. जागा मिळाली. मुख्याध्यापिकांनी म्हणे सांगितलं होतं, ही मुलगी पाठवाच.

अख्ख्या चाळीला आनंद. आत्या सगळं विसरली, पेढे घेऊन धावत आली आणि तयारीला लागली. ट्रंक आली. वळकटी आली. माझं नाव घातलेलं ताट, वाटी, पेला आला. शेजारच्या काकींनी मेतकूट करून दिलं. आत्याने मला जवळ घेऊन गालावरून हात फिरवला आणि रडली. "थंय नीट रव. मोठ्यांचा ऐक. उलट बोला नको." जो तो येऊन मला निरोप द्यायला लागला. आई ट्रंक भरताना गुणगुणायची. इतक्या महिन्यांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्यामुळे मला बोलणं फार जड गेलं. पण मी बोलले.

रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. बाळ झोळीत झोपलं होतं, बाबा बाहेर गॅलरीत खुर्चीवर, आई माझे कपडे घड्या घालून ट्रंकेत लावत होती. मी भिंतीला टेकून बसले होते.

"आई, मी जाणार नाही."

तिने वर बघितलंच नाही. "वेड लागलंय तुला."

"मी आठवीत जाणार. इथल्या हायस्कूलमध्ये. रोज."

"आणि बाळ?"

"बाळ माझं नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण बारीक नव्हता. "तुमच्या दोघांचं आहे. मला त्याचा कंटाळा नाही आलेला. मला तो आवडतो. मी शाळेतून आले की घेईन त्याला. पण त्याच्यासाठी मी शाळा सोडणार नाही, आणि त्याच्यासाठी मी घरही सोडणार नाही. मी कशाला जाऊ? माझं घर आहे हे!"

मला वाटलं आता दुसरा धपाटा. आई ट्रंकेच्या काठावर बसली. हातात माझा फ्रॉक. गॅलरी दोन पावलांवर, दार उघडं, बाहेर सगळं ऐकू जात होतं हे तिला माहीत होतं. तरीही तिने आवाज खाली घेतला नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू त्या बाईंना सांगितलंस ना, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझ्या बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही. गिरणी गेली, पगार गेला, त्यात त्यांच्या हातात मी पोर कसं देऊ? लोक हसले असते त्यांना. म्हणून मी तुला उचलून बाहेर ठेवायला निघाले. तुला घराबाहेर काढणं मला सोपं वाटलं गं."

ती रडायला लागली. मी पण. बाहेर खुर्ची हलली नाही.

आणि बाळ उठलं. आधी झोळीत चुळबूळ, मग कुरकुर, मग त्याने टाहो फोडला. माझे पाय आपोआप उठायला लागले. मी ते दाबून धरले. आई अर्धी उठली. मी तिच्याकडे बघितलं, आणि ती परत खाली बसली. बाळ रडतंय, दोघी समोर बसलोय आणि कोणी उठत नाही. शेजारच्या काकींनी भिंतीपलीकडून विचारलं, "अगं, पोर रडतंय, घरात कोणी आहे की नाही?"

तेव्हा बाबा आत आले. त्यांनी झोळीतून बाळाला उचललं, दोन्ही बगलांत हात घालून, लांब धरून. बाळ जास्तच किंचाळलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्या मुलाखतीनंतर पहिल्यांदा. "कसा घेतेस तू याला?"

"कडेवर घ्या. डावीकडे. डोकं खांद्यावर."

त्यांनी घेतलं. बाळ रडतच होतं. ते त्याला घेऊन बाहेर गॅलरीत गेले, सगळ्या चाळीच्या समोर. खाली कॅरम चालला होता, तिथून कोणीतरी हसत ओरडलं, "काय राव, आज तुम्ही? पोरगी गेली काय बोर्डिंगला?"

"नाही," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "ती शाळेत जाणार. ही शिफ्ट आता माझी."

खालून कोणीतरी शीळ घातली. बाबा आत आले नाहीत. ते तिथेच येरझारा घालत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आपल्याच खुर्चीला वळसा घालून. आईने पदराने तोंड पुसलं आणि ट्रंकेतून माझे कपडे काढून पुन्हा फळीवर ठेवायला सुरुवात केली.